क्षेपणास्त्र की प्रक्षेपणास्त्र? आणि 'गायडेड'चं मराठीत करायचं काय?

तिस्क_फोंडा
रविवार, रात्री ८:१२

मंडळी, एका शब्दावरून घरात तीन दिवस अबोला चाललाय, म्हणून इथे आलो.

भाची आठवीत आहे. विज्ञान दिनाच्या निमित्ताने मराठी वक्तृत्व स्पर्धा होती. तिने विषय घेतला 'भारताची क्षेपणास्त्रे'. भाषण मीच लिहून दिलं होतं, तेव्हा पाप माझ्याच माथी. त्यात डॉ. कलामांच्या नेतृत्वाखाली १९८३ साली सुरू झालेल्या कार्यक्रमाचं नाव मी 'एकात्मिक मार्गदर्शित क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम' असं लिहिलं. पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश, नाग ही पाचही नावं पोरीने न अडखळता म्हटली. खाली उतरताना एका परीक्षकांनी तिला थांबवलं आणि माईकवरूनच म्हणाले, "बाळ, क्षेपणास्त्र नव्हे, प्रक्षेपणास्त्र. आणि मार्गदर्शन विद्यार्थ्यांना करतात, बॉम्बला नाही."

सभागृह हसलं. पोर रडली नाही, पण घरी येऊन विचारते, "मामा, तू चुकीचं लिहून दिलंस?"

आता मला सांगा, क्षेपणास्त्र चूक आहे का? आणि 'गायडेड'ला मार्गदर्शित म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

प्रूफवाला
रविवार, रात्री ८:४०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मराठीत रुळलेला शब्द क्षेपणास्त्रच. पणजीत बावीस वर्षं बातम्या तपासतोय, रोज हाच शब्द हाताखालून जातो. हिंदीत प्रक्षेपास्त्र म्हणतात. आपल्याकडे ते 'प्र' हिंदी बातम्या ऐकून येतं आणि मध्ये आपला 'ण' घुसतो, की झालं प्रक्षेपणास्त्र. व्याकरणाने ते अशुद्ध नाही, पण बरोबर शब्द चूक ठरवून हे शिकवायचं कारण नव्हतं. तुमच्या परीक्षकांचे गुण कापा.

मराठीत प्रक्षेपण म्हटलं की लोकांना आधी क्रिकेटचं 'थेट प्रक्षेपण' आठवतं आणि मग श्रीहरिकोटा. हिंदीवाले पहिल्याला प्रसारण म्हणतात, त्यामुळे त्यांच्याकडे हा गोंधळ कमी. आपण उपग्रहही प्रक्षेपित करतो आणि सामनाही. त्यात आणखी अस्त्र कशाला?

मानकुराद
रविवार, रात्री ८:५१

म्हणजे 'भारत-पाक सामन्याचे थेट प्रक्षेपण' ही बातमी परीक्षकबाब बंकरमध्ये बसून वाचत असणार.

पुणेकर_पाहुणा
रविवार, रात्री ९:०५

सरळ मिसाइल म्हणा की. फोंड्याच्या बाजारात दहा जणांना विचारा, नऊ जण मिसाइल म्हणतील. पोरीच्या तोंडी असले जोडाक्षरांचे दगड कशाला? क्ष, स्त्र, त्यात दीर्घ णा. अर्धा श्वास शब्दातच जातो.

घुमट
रविवार, रात्री ९:३३

पाहुण्यांचा मुद्दा गैर नाही. माझ्या घरातही मिसाइलच म्हणतात. पण प्रश्न अर्थाचा आहे, तर जरा मुळाशी जाऊ. मी बत्तीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्यामुळे प्रतिसाद लांबला तर सांभाळून घ्या.

क्षिप् म्हणजे फेकणे. आक्षेप, निक्षेप, विक्षेप, संक्षेप, हस्तक्षेप ही सगळी त्याची मुलंबाळं. क्षेपण म्हणजे फेकण्याची क्रिया. आता अस्त्र. अस् या धातूचा एक अर्थ असणे आणि दुसरा, अस्यति, फेकणे. अस्त्र या दुसऱ्यातून आलं. म्हणून जे हातात धरून चालवायचं ते शस्त्र आणि जे सोडायचं ते अस्त्र. तलवार शस्त्र, बाण अस्त्र. आजच्या वापरात हा भेद पुसट झालाय, पण 'शस्त्रास्त्रे' हा जोडशब्द त्याची आठवण ठेवून आहे.

तेव्हा क्षेपणास्त्र म्हणजे 'फेकण्याचे फेकायचे हत्यार'. एकच गोष्ट दोनदा. त्यावर पुन्हा 'प्र' लावायचा तर खुशाल लावा, फेकणं पुढच्या दिशेने होईल एवढंच. मागे फेकणारं अस्त्र अजून कुणी केलेलं माझ्या ऐकिवात नाही.

जाता जाता, क्षेपणमधला 'ण' उगाच नाही. क्ष मध्ये लपलेल्या ष मुळे पुढच्या न चा ण झालाय. 'क्षेपनास्त्र' लिहिणाऱ्यांचे गुण मात्र मी जरूर कापीन.

पुणेकर_पाहुणा
रविवार, रात्री ९:४१

मग तुम्हीच कबूल केलंत, शब्द दुबार आहे. लिंबू शरबतातलं लिंबू. मिसाइल बरा.

कोपेलाकडचा
रविवार, रात्री १०:१५

पाहुण्यांनो, तो तुमचा मिसाइल तरी कुठे वेगळा आहे? लॅटिनमध्ये मित्तेरे म्हणजे पाठवणे, सोडणे. त्यावरून मिसिलिस, म्हणजे फेकता येण्याजोगं. तिथून मिसाइल. मिशन आणि मिशनरी त्याच घरातले.

आणि गोंयकारांसाठी खास. आमचं मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, पोर्तुगीज मिसा, तेही तिथलंच. लॅटिन मीस संपताना पाद्री म्हणायचे 'ईते, मिसा एस्त', म्हणजे जा, तुम्हाला निरोप आहे. त्या शेवटच्या 'मिसा'वरून सगळ्या विधीचं नाव पडलं. माझी आई मराठी शाळेत शिकलेली, दर आयतारी मिसाला जायची आणि टीव्हीवर मिसाइल दिसलं की खूण करायची. तिला बिचारीला माहीत नव्हतं की दोन्ही एकाच झाडाची फळं आहेत.

बॅलिस्टिक मिसाइल बघा. ग्रीकमध्ये बाल्लेइन म्हणजे फेकणे. म्हणजे इंग्रजांनीही फेकण्याला फेकणं जोडलंय, तेही दोन वेगळ्या भाषांतून. आमचं निदान एकाच भाषेतलं आहे.

मानकुराद
रविवार, रात्री १०:२२

भारताच्या विमानातून विमानावर सोडायच्या मिसाइलचं नावच 'अस्त्र' आहे ना? मग बातमीत 'अस्त्र क्षेपणास्त्राची चाचणी' येते. फेका, फेका, फेका.

प्रूफवाला
रविवार, रात्री १०:४८

फेकण्यावरून आठवलं. इंग्रजीत मिसाइलचा तो जुना अर्थ अजून जिवंत आहे, आणि त्यात आमच्याकडचा एक शिकाऊ उपसंपादक सापडला होता. दैनिकाचं नाव सांगत नाही, मुलगा आता मोठ्या पदावर आहे.

युरोपातल्या फुटबॉल सामन्याची एजन्सीची बातमी होती. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या, नाणी, लायटर फेकले. इंग्रजीत अशा फेकलेल्या वस्तूंना सर्रास मिसाइल म्हणतात. ह्याने रात्री साडेअकराला भाषांतर केलं : 'संतप्त प्रेक्षकांनी मैदानावर क्षेपणास्त्रे डागल्याने सामना वीस मिनिटे थांबवावा लागला.'

पान लावणाऱ्याच्या नजरेस पडलं म्हणून वाचलो. तो फक्त एवढंच म्हणाला, "वीसच मिनिटं?"

तिस्क_फोंडा
रविवार, रात्री ११:०२

हसून हसून पुरे. घुमटसर, देव बरें करूं. पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. मार्गदर्शित?

दर्यावर्दी
सोमवार, सकाळी ६:२०

मी नौदलात शस्त्रविभागात तंत्रज्ञ होतो, आता वास्कोत असतो. मराठी शब्दांचं मला कळत नाही, पण वस्तू माहीत आहे, तेवढी सांगतो.

आंब्याला दगड मारा. हातातून सुटेपर्यंत दगड तुमचा, त्यानंतर तो पृथ्वीचा. आंब्याची फांदी वाऱ्याने हलली तरी दगडाला त्याचं सोयरसुतक नाही. रॉकेट बहुतांशी असं असतं, फरक एवढाच की त्याच्या शेपटाला काही वेळ जोर असतो.

आता गांधीलमाशीच्या पोळ्याला तोच दगड लागला म्हणा. माशी निघाली की तुम्ही डावीकडे पळा, ती डावीकडे. पडवीत शिरा, ती पडवीत. ते मिसाइल. निघाल्यानंतरही ते आपली वाट बदलू शकतं, मूळ फरक हा.

ही वाट बदलण्याची तीन वेगळी कामं असतात आणि बाहेरचे लोक ती एकात कालवतात. एक, मी आत्ता कुठे आहे. दोन, मला जिथे जायचं आहे त्यासाठी आता कुठे वळायला हवं. तीन, ते वळणं, म्हणजे शेपटावरचे पंख हलवणं. इंग्रजीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत आणि 'गायडन्स' हे मधलं काम. तिसऱ्याला 'कंट्रोल'. म्हणून कुणी गायडेडला नियंत्रित म्हणतं तेव्हा मला खटकतं. नियंत्रण तिसऱ्या कामाचं नाव झालं, दुसऱ्याचं नव्हे.

हान्सा या इथल्या नौदल तळावरच्या सी हॅरियर विमानांवर दोन तऱ्हेची मिसाइलं असायची. सी ईगल जहाजांसाठी. ते पाण्याला जवळजवळ टेकून जायचं आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःचा रडार चालू करून जहाज शोधायचं. मॅट्रा मॅजिक दुसऱ्या विमानासाठी, ते इंजिनाच्या उष्णतेमागे जायचं. दोन्ही गायडेड, पण 'मार्ग दाखवणारा' दोन्हींत वेगळा. २०१६ च्या मे महिन्यात सी हॅरियर निवृत्त झाली. ज्यांना बघायचं त्यांनी बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात जावं, मुलांना घेऊन.

घुमट
सोमवार, सकाळी ९:०५

दर्यावर्दीबाब, गांधीलमाशी मनात बसली. म्हणजे मार्गदर्शित शब्द अर्थाने चुकत नाही. मार्ग दाखवलेले, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षकांना हसू आलं ते मार्गदर्शन या शब्दाला आज जो वास आहे त्यामुळे. दहावीनंतर काय, प्रमुख पाहुण्यांचे मार्गदर्शन, शाल, श्रीफळ. शब्द बिचारा व्यासपीठावरच राहून थकलाय.

पुणेकर_पाहुणा
सोमवार, सकाळी ९:३०

दिशादर्शित? दिशानियंत्रित? लक्ष्यवेधी?

प्रूफवाला
सोमवार, सकाळी १०:१०

लक्ष्यवेधी नको. विधानसभेत लक्षवेधी सूचना असते, तिच्या आणि हिच्या स्पेलिंगवर माझी निम्मी नोकरी गेली.

मला वाटतं, आपण चुकीच्या गाठीशी झटतोय. 'गायडेड मिसाइल' ही जोडी जुळली तेव्हा मिसाइल म्हणजे फेकलेली कुठलीही वस्तू, अगदी माझ्या फुटबॉलमधल्या बाटलीसारखी. त्यामुळे आपली वेगळी काढायला 'गायडेड' लावावं लागलं. आज सैन्याच्या इंग्रजीत नुसतं मिसाइल म्हटलं तरी ते वाट बदलणारं असंच धरतात, आणि न बदलणारं ते रॉकेट. आणि मराठीत क्षेपणास्त्र हा शब्द बाटलीला कधी लागलाच नाही. तो या नव्या वस्तूसाठीच रुळला. म्हणून मराठी बातमीत 'मार्गदर्शित' नव्वद टक्के वेळा कापलं तरी काही बिघडत नाही. मी कापतोच. कार्यक्रमाचं अधिकृत नाव असेल तिथे ठेवायचं, बाकी क्षेपणास्त्र पुरे.

'गायडेड' ठेवायलाच हवं ते बॉम्बसोबत. कारगिलमध्ये १९९९ साली मिराज विमानांनी टायगर हिलवर लेसरने दिशा दिलेले बॉम्ब टाकले. तिथे नुसतं बॉम्ब लिहिलं तर सगळा मुद्दाच गेला.

ब्रह्मास्त्र_९९
सोमवार, दुपारी १:१७

एवढी चर्चा कशाला? ब्रह्मोस हे नावच ब्रह्मास्त्रावरून आलंय. आपल्याकडे महाभारतात हे सगळं होतं, मंत्राने मार्ग बदलणारी अस्त्रं. पाश्चात्त्यांनी आपल्याकडूनच नेलं.

दर्यावर्दी
सोमवार, दुपारी १:४५

ब्रह्मोस दोन नद्यांवरून आलंय. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा. भारत आणि रशियाचा करार १९९८ चा, पहिली चाचणी १२ जून २००१, चांदीपूर. पल्ला सुरुवातीला २९० किलोमीटरच का, तर तंत्रज्ञान देण्याघेण्यावर जो आंतरराष्ट्रीय निर्बंध गट आहे त्याची रेघ ३०० किलोमीटर पल्ला आणि वाहून न्यायच्या ५०० किलो ओझ्यावर होती, आणि रशिया त्या गटात होता. भारत २०१६ च्या जूनमध्ये गटात आला, त्यानंतर पल्ला वाढवता आला. तेव्हा संरक्षणमंत्री आपले पर्रीकर होते.

ब्रह्मास्त्र_९९
सोमवार, दुपारी १:५२

पुराणांचा अपमान करू नका.

नियंत्रक
सोमवार, दुपारी २:३०

अपमान कुणी केलेला नाही. 'महाभारतात विमाने होती का' हा धागा तीन वेळा बंद केला आहे, चौथ्यांदा इथे उघडू नये. शब्दावर बोला.

घुमट
सोमवार, दुपारी ४:२०

शब्दावरच बोलतो, पण महाभारत सोडवत नाही. इतिहास म्हणून नव्हे, शब्दाचा अर्थ म्हणून.

सौप्तिक पर्वात अश्वत्थामा काय उचलतो? गवताची काडी. इषीका. तिच्यावर तो मंत्र घालतो आणि ती काडी अस्त्र होते. अर्जुनही उलट अस्त्र सोडतो. ऋषी मध्ये पडतात, अस्त्रं मागे घ्या म्हणतात. अर्जुनाला मागे घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही. मग तो ते उत्तरेच्या गर्भाकडे वळवतो.

बघा, ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांच्या मनात अस्त्र म्हणजे वस्तू नव्हतीच. काडी कुणीही फेकेल. अस्त्रपण होतं मंत्रात, सुटल्यावरही त्याला वळवण्यात, परत बोलावण्यात. दर्यावर्दीबाबांच्या तीन कामांपैकी दुसरं काम. म्हणून मला वाटतं, 'गायडेड'चा अर्थ क्षेपणास्त्राच्या दुसऱ्या अर्ध्यातच बसलाय. पहिला अर्धा, क्षेपण, म्हणजे दगड. दुसरा अर्धा, अस्त्र, म्हणजे गांधीलमाशी. काल मी शब्द दुबार म्हटला, ते धातूंपुरतं खरं. कथांनी अस्त्राला जे दिलं ते मी धरलं नव्हतं. मागे घेतो.

अग्निपुराणातल्या धनुर्वेदात आयुधांची विभागणीही छान आहे. पाणिमुक्त म्हणजे हाताने सोडलेलं, यंत्रमुक्त म्हणजे यंत्रातून सोडलेलं, मुक्तसंधारित म्हणजे सोडून पुन्हा धरता येणारं, अमुक्त म्हणजे हातातच राहणारं. पाचवं बाहुयुद्ध. 'यंत्रमुक्त' हा शब्द हाताशी असताना आपण क्षेपणास्त्र का घेतलं, याची मला थोडी हळहळ आहे.

कोपेलाकडचा
सोमवार, दुपारी ४:५५

सर, काल मागे फेकणारं अस्त्र नाही म्हणालात, आज प्रतिसादच मागे घेतलात. अर्जुन झालात.

साळ_काठची
सोमवार, संध्याकाळी ६:३८

वाचत होते गप्प. मला क्षेपणास्त्रापेक्षा 'डागले' वर बोलायचं आहे.

आमच्या घरी गुरं होती. जनावराचा पाय सुजला की आजोबा सळई तापवून डाग द्यायचे. चर्र आवाज आणि केस जळल्याचा वास. मी गोठ्यामागे लपायचे. तोच डाग. तोफ डागणे म्हणजे तोफेच्या कानाला जळती वात लावणे. डागायची ती तोफ, गोळा नव्हे. गोळा सुटायचा. आता पेपरात 'पाच क्षेपणास्त्रे डागली' वाचते तेव्हा मला सळई हातात घेतलेले आजोबाच दिसतात. बटण दाबून कसला डाग?

बाण सोडतात, अस्त्र सोडतात. 'क्षेपणास्त्र सोडलं' का नाही लिहीत?

प्रूफवाला
सोमवार, संध्याकाळी ७:०५

बाय, पटलं. पण 'सोडलं' मथळ्यात मऊ पडतं. पाणी सोडलं, घर सोडलं, गाडी सोडली. डागलं म्हटलं की वाचणारा थांबतो. तुमचे आजोबा दिसले तरी थांबतोच की.

माझा खरा राग 'मारक क्षमता' वर आहे. 'पाच हजार किलोमीटर मारक क्षमतेचे अग्नी-५'. मारक क्षमता किलोमीटरमध्ये कशी मोजणार? किती दूर जातं तो पल्ला. पोचल्यावर काय करतं ती मारक क्षमता. पल्ला हा काय सुंदर शब्द आहे. लांब पल्ल्याची गाडी, पल्ला गाठणे. तो असताना हे भलतं. दुसरं, अण्वस्त्र आणि क्षेपणास्त्र एकच धरणं. अण्वस्त्र हे ओझं, क्षेपणास्त्र हा हमाल. हमाल दुसरंही ओझं नेतो.

आणि दर्यावर्दीबाब, तुमच्या खात्यातली एक. आयएनएस मोरमुगाव १८ डिसेंबर २०२२ ला ताफ्यात आली तेव्हा मजकूर आला 'मार्गदर्शित क्षेपणास्त्र विनाशिका'. आमच्या एका वाचकाने फोन करून विचारलं, ही बोट मार्गदर्शित क्षेपणास्त्रांचा विनाश करते का? समासाने घात केला. 'क्षेपणास्त्रवाहू विनाशिका' लिहायला हवं होतं.

दर्यावर्दी
सोमवार, रात्री ८:१५

वाचक अर्धा बरोबर आहे. तिच्यावर ब्रह्मोस आहे तसं बराक-८ ही आहे, आणि ते येणारं विमान किंवा क्षेपणास्त्र हवेतच पाडायला असतं. म्हणजे ती क्षेपणास्त्रवाहू आहे आणि क्षेपणास्त्रविनाशिकाही.

मोरमुगाववरून सांगतो. १८ डिसेंबर १९६१ ला ह्याच बंदरात पोर्तुगीजांचं आफोन्सु द आल्बुकेर्क हे युद्धजहाज आणि आपली बेतवा, बियास समोरासमोर आली. सगळा मामला तोफांचा होता, समोरचं जहाज डोळ्यांना दिसत होतं. जेमतेम दहा वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या छोट्या बोटींनी कराचीसमोर रशियन बनावटीची क्षेपणास्त्रं सोडली. लक्ष्य होतं रडारच्या पडद्यावरचा ठिपका. त्या तारखेला नौदल दिन असतो. बोटींना मराठीत क्षेपणास्त्र नौका म्हणतात, तो समास मात्र कुणी उलटा लावत नाही.

मानकुराद
सोमवार, रात्री ८:४०

नौदलाचे मराठी शब्द काय झकास आहेत पण. पाणबुडी. पाणसुरुंग. टॉर्पेडोला पाणतीर! पाणतीर हा पण आजकाल आपली वाट आपण शोधतो ना? मग त्याला कुणी 'मार्गदर्शित' लावत नाही. तीर झाला, पाण्यातला झाला, विषय संपला. मिसाइलला 'नभतीर' म्हटलं असतं तर पोरीचा श्वास वाचला असता.

पुणेकर_पाहुणा
सोमवार, रात्री ८:४६

नभतीर म्हणजे पेट्रोल पंपाशेजारच्या लॉजचं नाव वाटतं.

मानकुराद
सोमवार, रात्री ८:४९

ते आहेच मुळी, म्हापशाच्या वाटेवर. (नाही. पण असायला हरकत नाही.)

कोपेलाकडचा
सोमवार, रात्री ९:२०

बाणाचं विसरू नका. दिवाळीत बाटलीत उभा करून सोडतात त्याला माझे शेजारी बाणच म्हणतात, रॉकेट नव्हे. पोर्तुगीजमध्ये फोगेत. फेस्ताला उडतो तोही फोगेत आणि चंद्रावर जातो तोही फोगेत. एकच शब्द. गरिबांच्या भाषेत असं असायचंच, पण पोर्तुगीज काही गरीब नव्हते.

घुमट
सोमवार, रात्री ९:४४

बाण हा शब्द तर जुनाच. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांत दारूच्या नळ्याला बाणच म्हणत. हैदर आणि टिपूने नळी लोखंडाची केली. बांबूची किंवा कागदाची नळी फुटायची, लोखंडात दारू जास्त दाबून भरता येते, म्हणून तो दूर जायचा. १७८० साली पोल्लिलूरला इंग्रजांनी त्याचा हिसका पाहिला आणि पुढे श्रीरंगपट्टण पडल्यावर नमुने विलायतेला नेले. तिथे काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजाने आपले बाण केले. अग्निबाण हा आपला शब्द रॉकेटला ठीक बसतो. वाट बदलत नाही तो बाण, बदलतं ते अस्त्र.

दर्यावर्दी
सोमवार, रात्री १०:०२

सर, तिथेच आता घोळ आहे. पिनाक. पुण्याच्या प्रयोगशाळेने केलेलं. एका गाडीवर बारा नळ्या, ४४ सेकंदांत बारा रॉकेटं. आधीची न वळणारी, पल्ला चाळीसच्या आतबाहेर. आता त्याच पिनाकला वळायला शिकवलंय आणि पल्ला सत्तरच्या पुढे गेलाय. तरी फौज त्याला रॉकेटच म्हणते. उलट, १९४४ च्या सप्टेंबरपासून जर्मनांनी लंडनवर जे व्ही-२ सोडलं त्याला सगळं जग क्षेपणास्त्र म्हणतं, आणि त्याला दिशा मिळायची ती फक्त पहिलं मिनिटभर, इंजिन चालू असेतो. मग आंब्याचा दगड.

म्हणजे रेघ वस्तूत नसते. नाव ठेवणारा कोण, त्यावर.

आणि पिनाक तर शंकराचं धनुष्य. धनुष्याचं नाव, सोडायचा तो बाण. नाव ठेवणाऱ्याला कळत होतं.

घुमट
सोमवार, रात्री १०:११

हे मला ठाऊक नव्हतं. माझी बाण-अस्त्राची वाटणी आजच केली आणि आजच मोडली.

तिस्क_फोंडा
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३०

मंडळी, उशीर झाला, क्षमस्व. गेल्या आठवड्यात तुमचा सगळा धागा छापून भाचीला वाचायला दिला. तिने सर्वांत आधी फुटबॉलची गोष्ट दोन मैत्रिणींना सांगितली. मग म्हणाली, पुढच्या फेरीचं भाषण मी स्वतः लिहिणार.

काल फेरी झाली. क्षेपणास्त्र तिने ठेवलं. कार्यक्रमाचं नाव घेताना मार्गदर्शितही ठेवलं, फक्त त्याच्या आधी एक श्वास घेतला आणि समोर बघितलं, कुणी हसतंय का. तेच परीक्षक होते. नाही हसले. पुढच्या परिच्छेदात आंब्याचा दगड आणि गांधीलमाशी. दर्यावर्दीबाबांना विचारल्याशिवाय घेतलं, राग नसावा. 'डागले' एकदाही नाही, सगळीकडे 'सोडले'. साळकाठच्या ताई, हे तुमचं.

मी म्हटलं, गांधीलमाशीच्या जागी जरा भारदस्त काहीतरी घाल, बक्षीस मिळेल. मला म्हणाली, "मामा, भारदस्त मागच्या वेळी घातलं होतं ना?"

दर्यावर्दी
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:४८

राग कसला. तिला संग्रहालय दाखवायला घेऊन या. बोगमाळोला उतरलात की कळवा, मी येतो.

मानकुराद
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:५५

नंबर?

तिस्क_फोंडा
पुढचा रविवार, संध्याकाळी ८:०१

दुसरा. गांधीलमाशी पडवीत शिरली आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. ती बाहेर निघायची राहिली.